अमोनियाचा नायट्रोजन करणारा कॅटॅलिस्ट: निवडायचा कसा, तपासायचा कसा, चालवायचा कसा

अमोनिया घालवणं तसं अवघड नाही. हवेत मिसळून गरम करा, प्लॅटिनमसारख्या कॅटॅलिस्टवरून (स्वतः न संपता रिॲक्शन वेगाने घडवणाऱ्या पदार्थावरून) सोडा, गेला. खरा प्रश्न हा की तो जाऊन त्याचं झालं काय. नायट्रोजन झाला तर उत्तमच, आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के तोच असतो. पण त्याच कॅटॅलिस्टवर तापमान थोडं इकडंतिकडं झालं की त्याच अमोनियाचा नायट्रस ऑक्साइड नाहीतर नायट्रिक ऑक्साइड होतो, आणि मग चिमणीवर वास येत नाही, आउटलेटला अमोनिया शून्य दिसतो, सगळे खूश, आणि बाहेर मात्र आधीपेक्षा वाईट वायू चाललेला असतो. म्हणून या लेखात मी एकच गोष्ट परत परत सांगणार आहे, किती अमोनिया उरला एवढंच बघू नका, जो गेला त्याचा हिशोब लावा.

पायरी १: चार रिॲक्शन डोक्यात पक्क्या करा

हवी ती रिॲक्शन:
४ अमोनिया + ३ ऑक्सिजन → २ नायट्रोजन + ६ पाणी

नको त्या दोन:
२ अमोनिया + २ ऑक्सिजन → १ नायट्रस ऑक्साइड + ३ पाणी
४ अमोनिया + ५ ऑक्सिजन → ४ नायट्रिक ऑक्साइड + ६ पाणी

यातली शेवटची नायट्रिक ॲसिडच्या कारखान्यात मुद्दाम करतात. विल्हेल्म ओस्टवाल्डने १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आता कारखान्यात प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या बारीक जाळीवर ८०० ते ९०० डिग्रीला अमोनिया जाळायचा आणि नायट्रिक ऑक्साइड मिळवायचा. म्हणजे आपल्याला जे टाळायचंय तेच तिथं उत्पादन आहे आणि धातूही तोच, यावरूनच कळतं की नुसता "प्लॅटिनमचा कॅटॅलिस्ट आहे" असं कोणी सांगितलं तर त्यातून काहीच ठरत नाही. तापमान किती, प्लॅटिनम कशावर बसवलाय, सोबत आणखी काय आहे, हे सगळं विचारावं लागतं.

चौथी रिॲक्शन आपल्या बाजूची आहे:
४ नायट्रिक ऑक्साइड + ४ अमोनिया + १ ऑक्सिजन → ४ नायट्रोजन + ६ पाणी

पॉवर प्लांट आणि डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये जी एससीआर (सिलेक्टिव्ह कॅटॅलिटिक रिडक्शन, म्हणजे अमोनिया वापरून नायट्रिक ऑक्साइड संपवणारी) सिस्टिम असते ती यावरच चालते. आणि चांगल्या अमोनिया कॅटॅलिस्टच्या पोटात बरेचदा हेच चालू असतं, थोडा अमोनिया आधी नायट्रिक ऑक्साइड होतो आणि उरलेला अमोनिया लगेच त्याला गाठून नायट्रोजन करून टाकतो. पुढं निवड करताना हे फार कामाला येतं.

पायरी २: आपला गॅस ओळखा, कॅटॅलिस्ट लागतोय का तेही बघा

कॅटलॉग उघडायच्या आधी कागदावर हे लिहून काढा: फ्लो किती, अमोनिया सरासरी किती आणि जास्तीत जास्त किती, ओलावा किती, गॅस येतोच किती तापमानाला, त्यात सल्फर, क्लोरीन, धूळ, ऑइलचा धूर, सिलिकॉनवाले पदार्थ आहेत का. सरासरीवर कधीच डिझाइन करू नका. बॅच प्रोसेस असेल तर एखाद्या टाकीचा व्हेंट उघडला की दहा मिनिटं पाचपट अमोनिया येतो आणि कॅटॅलिस्टला तेच झेलायचं असतं.

अमोनिया भरपूर असेल तर आधी तो परत मिळवायचा विचार करा, हे माझं स्पष्ट मत आहे. सल्फ्युरिक ॲसिडच्या स्क्रबरमध्ये (गॅस द्रावणाने धुणाऱ्या टाकीत) धरला तर अमोनियम सल्फेट मिळतं, ते खत म्हणून जातं. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करायला प्रचंड ऊर्जा घातलेली असते, ती परत हवेत सोडून देण्यासाठी आणखी इंधन जाळायचं, हे दुसरा मार्ग नसेल तेव्हाच करावं. कॅटॅलिस्ट शोभतो तो शेकडो ते काही हजार पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) गॅसला, जिथं परत मिळवणं परवडत नाही, किंवा एससीआरनंतर उरलेला थोडासा अमोनिया मारायचाय तिथं.

अमोनिया पाण्यात असेल तर आधी पाण्यातून बाहेर काढावा लागतो. २५ डिग्रीला पीएच ९.२५ असताना निम्मा अमोनिया मोकळा असतो आणि निम्मा अमोनियम आयन म्हणून अडकलेला, पीएच ११ च्या आसपास नेला की जवळपास सगळाच मोकळा होतो, मग हवा फुंकून तो उडवता येतो. फक्त ही हवा पाण्याने भरलेली असते, म्हणून ओल्या गॅसमध्ये टिकणारा कॅटॅलिस्ट लागतो.

ऑक्सिजन न घालता अमोनिया तोडायचा म्हणजे क्रॅकिंग, त्यात नायट्रोजनबरोबर हायड्रोजन मिळतो. रुथेनियमवर साधारण ४०० ते ५०० डिग्रीला काम होतं, निकेलला बरंच जास्त तापमान लागतं. पण ते हायड्रोजन हवा असलेल्यांचं काम आहे, हवेत मिसळलेल्या पातळ अमोनियाला त्याचा उपयोग नाही.

पायरी ३: कॅटॅलिस्ट निवडा

प्लॅटिनम ॲल्युमिनावर (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या सच्छिद्र आधारावर): २०० ते २५० डिग्रीलाच जोरात काम सुरू करतो, म्हणून गरम करायचा खर्च कमी. पण कमी तापमानाला नायट्रस ऑक्साइड भरपूर देतो आणि ३०० च्या वर गेलं की नायट्रिक ऑक्साइड वाढत जातो. एकटा वापरायचा असेल तर दहादा विचार करा.

कॉपर ऑक्साइड ॲल्युमिनावर: स्वस्त आहे, सिलेक्टिव्हिटी (गेलेल्या अमोनियातल्या कितीचा नायट्रोजन झाला ते) चांगली आहे, साधारण ३०० ते ४०० डिग्री लागतात. कोरड्या, सल्फर नसलेल्या गॅसला मला हा फार आवडतो. जागा असेल, तापमान देणं शक्य असेल तर महागड्या धातूच्या मागं लागायचं कारण नाही.

कॉपर झिओलाइट: म्हणजे झेडएसएम-५ किंवा एसएसझेड-१३ या झिओलाइटवर (बारीक छिद्रांच्या ॲल्युमिनियम-सिलिकॉन खनिजावर) कॉपर. यात आत निर्माण झालेला नायट्रिक ऑक्साइड अमोनियाबरोबर तिथल्या तिथं संपतो, त्यामुळे नायट्रोजन चांगला मिळतो. दोघांत एसएसझेड-१३ जास्त टिकाऊ, त्याची छिद्रं बारीक असल्याने गरम वाफेतही त्याची रचना बराच काळ टिकते, म्हणूनच डिझेल गाड्यांमध्ये त्याने जुन्या झिओलाइटची जागा घेतली. सल्फर मात्र दोघांनाही सोसत नाही.

व्हॅनेडियम टिटानियावर (टायटॅनियम ऑक्साइडवर): सल्फर असलेल्या गॅसला हाच आठवतो. खूप वर तापवायचा नाही, ४५० च्या पुढं सिलेक्टिव्हिटी बिघडायला लागते आणि व्हॅनेडियम विषारी असल्याने जुना माल हाताळताना जपावं लागतं.

चांदी कमी तापमानाला चालते पण नायट्रस ऑक्साइड बऱ्यापैकी देते. आयर्न झिओलाइटला जास्त तापमान लागतं, त्या बदल्यात गरम असताना तो नायट्रस ऑक्साइडही तोडतो.

आणि आता ज्याला मी सगळ्यात हुशार डिझाइन म्हणेन ते, दोन थरांचा कॅटॅलिस्ट. गाड्यांमध्ये एससीआरच्या मागं अमोनिया स्लिप कॅटॅलिस्ट असतो तो हाच. हनीकोंबच्या (मधाच्या पोळ्यासारख्या, आरपार नळ्या असलेल्या ठोकळ्याच्या) भिंतीवर खाली प्लॅटिनम-ॲल्युमिनाचा पातळ थर आणि त्याच्यावर कॉपर झिओलाइटचा थर. अमोनिया वरच्या थरातून झिरपत खाली जातो, काही वरच धरून राहतो, खाली पोचलेल्याचा प्लॅटिनमवर नायट्रिक ऑक्साइड होतो, पण त्याला बाहेर पडायला परत वरच्या थरातूनच यावं लागतं आणि तिथं अमोनिया त्याची वाट बघत बसलेला असतो, दोघांचा मिळून नायट्रोजन. प्लॅटिनमचा चटपटीतपणा मिळतो आणि त्याच्या चुकाही तिथंच पुसल्या जातात. वरचा थर जाड केला की सिलेक्टिव्हिटी वाढते, पण अमोनियाला खाली पोचायला वेळ लागतो म्हणून कन्व्हर्जन (किती टक्के अमोनिया गेला ते) थोडं घटतं, हा सौदा प्रत्येकाने आपल्या गॅसप्रमाणे ठरवायचा. एक लक्षात ठेवा, प्लॅटिनमवर झालेला नायट्रस ऑक्साइड वरचा थर फारसा पकडत नाही, तो निसटतोच.

पायरी ४: आकडेमोड करा

एक उदाहरण धरू. फ्लो तासाला ५,००० नॉर्मल घनमीटर (० डिग्री आणि साध्या हवेच्या दाबाला धरलेले), अमोनिया २,००० पीपीएम, गॅस ४० डिग्रीला येतो, कॅटॅलिस्टला २५० डिग्री हवेत.

अमोनिया झाला तासाला १० नॉर्मल घनमीटर, २२.४ ने (एका किलोमोलचे घनमीटर) भागून १७ ने (अमोनियाचा रेणुभार) गुणलं की साधारण ७.६ किलो.

कॅटॅलिस्ट किती? स्पेस व्हेलॉसिटी म्हणजे तासाचा फ्लो भागिले कॅटॅलिस्टचं आकारमान. तासाला २०,००० धरली तर ५,००० भागिले २०,००० म्हणजे ०.२५ घनमीटर. सप्लायर जो आकडा देतो तो नॉर्मल कंडिशनला आहे ना हे विचारून घ्या, गरम गॅसचा आकडा घेतला तर उत्तर जवळपास दुप्पट चुकतं.

रिॲक्शनची उष्णता: एक मोल अमोनियाचा नायट्रोजन होताना साधारण ३१७ किलोज्यूल निघतात. पातळ गॅसमध्ये याचा सोपा हिशोब असा की दर १,००० पीपीएमला सुमारे १० डिग्री वाढ. आपल्या गॅसला २० च्या आसपास, म्हणजे २५० ला आत गेलेला २७० ला बाहेर. पण पीकला १०,००० पीपीएम आला तर १०० डिग्री वाढ होणार, म्हणजे ३५०, आणि प्लॅटिनम असेल तर तुम्ही थेट नायट्रिक ऑक्साइडच्या पट्ट्यात. म्हणून पीक बघा असं वर म्हटलं.

४० वरून २५० ला न्यायला साधारण ३९० किलोवॅट लागतात, रिॲक्शन देते जेमतेम ३९. म्हणजे हीट एक्स्चेंजरशिवाय हे परवडणारच नाही. ७० टक्के उष्णता परत घेणारा एक्स्चेंजर बसवला तर बाहेरून फक्त ९० किलोवॅटच्या आसपास द्यावे लागतात. माझ्या मते बजेटमधला पैसा आधी एक्स्चेंजरवर टाकावा, मग कॅटॅलिस्टवर.

पायरी ५: लॅबमध्ये तपासा, आणि इथं घाई करू नका

तयार नमुना मिळाला तर ठीकच, पण कॉपर-ॲल्युमिना स्वतः करून बघणंही सोपं आहे. १० ग्रॅम गॅमा ॲल्युमिना घ्या, त्यावर १० टक्के कॉपर हवं असेल तर १.११ ग्रॅम कॉपर लागतं, म्हणजे ट्रायहायड्रेट कॉपर नायट्रेट ४.२ ग्रॅम. आधी वेगळ्या ॲल्युमिनावर थेंब थेंब पाणी टाकून बघा, दाणे ओले दिसायला लागेपर्यंत ग्रॅमला किती मिली पितात ते. समजा ०.६ मिली, तर १० ग्रॅमला ६ मिली. नायट्रेट विरघळवून सगळं मिळून तेवढंच द्रावण करा आणि ढवळत ढवळत थेंबाथेंबाने घाला. बरोबर जमलं तर पावडर निळी, ओलसर पण सुटी राहते, तळाला पाणी साचत नाही. साचलं तर सुकताना कॉपर कडेला जमून मोठे कण होतात आणि कॅटॅलिस्ट कमजोर पडतो. ११० डिग्रीला रात्रभर सुकवा, मग मिनिटाला २ डिग्री या हिशोबाने ५०० ला न्या आणि ४ तास ठेवा. यावेळी तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, भट्टी फ्यूम हूडमध्येच हवी. नंतर प्रेस करून, फोडून, २५० ते ४२५ मायक्रॉनचे दाणे चाळून घ्या.

चांदीचा कॅटॅलिस्ट करत असाल तर चांदीचं द्रावण आणि अमोनियाचं पाणी एकत्र साठवून ठेवू नका, त्यातून स्फोटक पदार्थ तयार होतो.

रिॲक्टरची नळी क्वार्ट्झची घ्या. स्टीलची नळी गरम झाली की स्वतःच अमोनियाचं ऑक्सिडेशन करते, आणि तुम्ही कॅटॅलिस्टचं कौतुक करत बसता. क्वार्ट्झ असली तरी रिकामी नळी, नुसती क्वार्ट्झ वूल घालून, पूर्ण तापमानापर्यंत एकदा चालवा. ही ब्लँक टेस्ट नसेल तर पुढच्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवू नये.

मग ०.२ ग्रॅम कॅटॅलिस्ट, मिनिटाला १०० मिली गॅस, त्यात ५०० पीपीएम अमोनिया, ५ टक्के ऑक्सिजन. बाकी हेलियम ठेवला तर तयार झालेला नायट्रोजन थेट मोजता येतो, हवेत किंवा नायट्रोजनमध्ये तो दिसणारच नाही. सुरुवातीला कमी तापमानाला अमोनिया सोडा आणि आउटलेटला आत जातो तेवढा बाहेर येईपर्यंत थांबा. ॲल्युमिना आणि झिओलाइट दोघंही अमोनिया पोटात धरून ठेवतात, हे न थांबता टेस्ट सुरू केली की १०० डिग्रीलाही ८० टक्के "कन्व्हर्जन" दिसतं, प्रत्यक्षात तो फक्त चिकटलेला असतो आणि पुढं तापवल्यावर एकदम सुटतो.

२५-२५ डिग्रीने वर जा, प्रत्येक ठिकाणी आकडा स्थिर होऊ द्या, आणि उतरतानाही तेच आकडे येतात का बघा. हे सगळं परत ५ ते १० टक्के पाण्याची वाफ घालून करा. कोरड्या गॅसवरचे सुंदर ग्राफ प्रत्यक्ष प्लांटमध्ये काही कामाचे नाहीत, वाफ आली की बहुतेक कॅटॅलिस्टचं तापमान वर सरकतं. आणखी एक, पावडरच्या टेस्टची स्पेस व्हेलॉसिटी हनीकोंबला जशीच्या तशी लावू नका, हनीकोंबमध्ये तेवढ्याच जागेत कॅटॅलिस्ट कितीतरी कमी असतो.

पायरी ६: मोजमाप आणि नायट्रोजनचा हिशोब

अमोनिया, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड आणि नायट्रस ऑक्साइड, चारही मोजायचे. एफटीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने वायू ओळखणारा) ॲनालायझर हे एकत्र करतो, सॅम्पल लाइन १८० डिग्रीच्या आसपास गरम ठेवा. लाइन कुठं थंड राहिली आणि पाणी धरलं की अमोनिया त्यात विरघळून गायब होतो. केमिल्युमिनेसन्सचा (रिॲक्शनमधून निघणाऱ्या प्रकाशावरून मोजणारा) नॉक्स (नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड मिळून) ॲनालायझर असेल तर त्याच्या गरम कन्व्हर्टरमध्ये उरलेल्या अमोनियाचाही नायट्रिक ऑक्साइड होऊ शकतो, म्हणून अमोनिया आधी काढून घ्यावा लागतो. मास स्पेक्ट्रोमीटरवर नायट्रस ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड दोघं ४४ वरच (दोघांचा रेणुभार तोच) येतात, तेही ध्यानात ठेवा.

आता हिशोब. आत २,०००, बाहेर अमोनिया १०, नायट्रिक ऑक्साइड ६०, नायट्रोजन डायऑक्साइड १०, नायट्रस ऑक्साइड १०० पीपीएम. गेलेला अमोनिया १,९९०, म्हणजे कन्व्हर्जन ९९.५ टक्के, रिपोर्टवर झकास. पण नायट्रस ऑक्साइडच्या एका रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असतात, म्हणून तो दुप्पट धरायचा. १,९९० वजा ६० वजा १० वजा २००, राहिले १,७२०. नायट्रोजनची सिलेक्टिव्हिटी ८६ टक्के.

८६ वाईट वाटत नाही ना? आता तो १०० पीपीएम नायट्रस ऑक्साइड वरच्या ५,००० घनमीटरच्या फ्लोला लावा. तासाला अर्धा घनमीटर, साधारण १ किलो. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) २०२१ च्या अहवालाप्रमाणे १०० वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. म्हणजे तासाला जवळपास २७० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं, वर्षाला ८,००० तास चाललं तर २,००० टनांच्या वर. शिवाय तो वर जाऊन ओझोनही खातो. आणि हे सगळं अशा युनिटमधून ज्याचा अमोनियाचा आकडा ९९.५ आहे. म्हणून सप्लायरकडून गॅरंटी घेताना अमोनिया, नॉक्स आणि नायट्रस ऑक्साइड, तिन्हीचे आकडे वेगवेगळे, ओल्या गॅसवर आणि पीक लोडला लिहून घ्या. नायट्रस ऑक्साइडचा आकडा द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर तिथंच सावध व्हा.

पायरी ७: चालू करणं, बंद करणं

चालू करताना आधी स्वच्छ गरम हवेने कॅटॅलिस्ट पूर्ण तापमानाला आणायचा, मगच अमोनियाचा व्हॉल्व्ह उघडायचा. बंद करताना उलटं, आधी अमोनिया तोडायचा, गरम हवा चालू ठेवून आतला सगळा अमोनिया निघू द्यायचा, मग थंड करायचं. हा क्रम माणसाच्या आठवणीवर सोडू नका, इंटरलॉक (क्रम चुकला तर आपोआप अडवणारी व्यवस्था) टाका. कारण अमोनिया, नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओलावा हे तिघं थंड जागी भेटले की अमोनियम नायट्रेटचा पांढरा थर बसतो. तो १७० डिग्रीच्या आसपास वितळतो आणि बंदिस्त जागेत ऑइलसोबत तापला तर स्फोट होऊ शकतो. डक्टच्या थंड कोपऱ्यात, एक्स्चेंजरच्या टोकाला पांढरं काही दिसलं तर खरवडायला जाऊ नका, भरपूर पाण्याने विरघळवून काढा.

हवेत १५ ते २८ टक्के अमोनिया पेट घेतो, आपला गॅस त्याच्या खूप खाली असतो, पण स्ट्रिपरमध्ये (पाण्यातून हवा फुंकून अमोनिया उडवतात तिथं) हवेचा ब्लोअर बंद पडला तर पातळी चढते, ब्लोअर ट्रिप झाला की अमोनियाही तुटला पाहिजे. पितळ आणि तांब्याच्या फिटिंग कुठंही नकोत, अमोनिया त्यांना तडे पाडतो. जवळ काम करणाऱ्यांसाठी डिटेक्टर लावाच, आठ तासांच्या कामाला २५ पीपीएम ही रुळलेली मर्यादा आहे आणि ३०० ला जिवाला धोका धरतात.

पायरी ८: कॅटॅलिस्ट का मरतो आणि कसं ओळखायचं

सल्फर हा पहिला शत्रू. गॅसमधला सल्फर ऑक्सिडाइज होऊन अमोनियाबरोबर अमोनियम बायसल्फेट करतो, हा चिकट पदार्थ कमी तापमानाला छिद्रांत बसतो. ३५० ते ४०० ला काही तास गरम केलं की बराचसा उडून जातो. कॉपर झिओलाइटवर कॉपरलाच सल्फेट चिकटलं असेल तर ५०० च्या वर जावं लागतं. सिलिकॉनवाले पदार्थ आले की वाळूसारखा थर कायमचा बसतो, त्याला उपाय नाही, ते आधीच गाळावे लागतात. धूळ असेल तर डीपी (बेडच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक) वाढताना दिसतो. जास्त तापला तर प्लॅटिनमचे बारीक कण एकत्र येऊन मोठे होतात, तेही परत बारीक होत नाहीत.

लक्षण कसं ओळखाल? आउटलेटचा अमोनिया वाढायची वाट बघू नका, तो सगळ्यात शेवटी वाढतो. सुरुवातीला कॅटॅलिस्ट जास्तीचा भरलेला असतो, पुढचा भाग मेला तरी मागचा सांभाळून घेतो. बेडमध्ये (कॅटॅलिस्टच्या भरणीत) तीन-चार ठिकाणी थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) ठेवा आणि तापमानवाढ नेमकी कुठं होते ते महिन्याला लिहून ठेवा. नवा असताना वाढ पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच संपते, मग ती हळूहळू मागं सरकत जाते. दोन थरांच्या कॅटॅलिस्टमध्ये वरचा झिओलाइट आधी दमला तर अमोनिया तसाच शून्य राहतो पण नॉक्स चढायला लागतो, म्हणून नॉक्सचा ट्रेंडही रोज बघायचा.

जुना माल टाकून देऊ नका. प्लॅटिनम परत काढणारे घेतात आणि त्याचे चांगले पैसे येतात, व्हॅनेडियमवाला माल मात्र घातक कचरा म्हणूनच बंद ड्रममध्ये, लेबल लावून द्यायचा. आणि प्रत्येक भरणीच्या वेळी मूठभर नवा कॅटॅलिस्ट बाटलीत भरून, तारीख घालून बाजूला ठेवा, दोन वर्षांनी काही बिघडलं तर त्याच लॅब सेटअपवर जुना आणि नवा शेजारी शेजारी चालवून बघता येतो.